काडतूस ठासून भरायचे नसते: हँडलोडिंगमध्ये भरणा जास्त कसा होतो आणि तो कसा टाळायचा

ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावीच लागते. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने सगळे घट्ट बसवायचे. मध्ये पोकळी राहिली तर नळीलाच धोका. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आजही सापडतात, आणि 'ठासून भरलेले' हे मराठीत कौतुकाचे विशेषण आहे. आधुनिक काडतुसाला हा संस्कार चालत नाही. त्यातल्या बिनधुराच्या दारूला जितके कोंडाल तितकी ती वेगाने जळते आणि जितकी वेगाने जळते तितका दाब चढतो. तो चढलेला दाब तिला आणखी वेगाने जाळतो. त्यामुळे भरणा दहा टक्क्यांनी वाढला तर दाबही दहाच टक्क्यांनी वाढेल, हा हिशेब इथे चुकतो. कमाल मर्यादेजवळ थोडीशी वाढ दाबाला भलतीकडे घेऊन जाते.

हे मार्गदर्शन अमेरिकेत स्थायिक झालेल्या, नेमबाजीचा किंवा शिकारीचा नाद लागलेल्या आणि वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरू (म्हणजेच हँडलोडिंग करू) पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याचे आणि गावाचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी पाहा. एच-१बी किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर थांबा. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूकच काय, एक काडतूस बाळगणेही संघीय कायद्याने मना आहे. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो बनवायची यंत्रेही येतात. सुट्टीला येताना प्रेस (काडतूस भरायचे यंत्र) किंवा रिकाम्या पुंगळ्या सामानात टाकून आणण्याचा विचार करू नका.

शब्दांचे आधी ठरवून घेऊ. 'काडतूस' म्हणजे पूर्ण वस्तू. तिचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडात घट्ट बसलेली बुलेट. बिनधुराच्या दारूला इथून पुढे 'पावडर' म्हटले आहे, आणि एका काडतुसात घातलेल्या पावडरच्या वजनाला 'भरणा'. फोनवर 'दारू मोजत बसलोय' म्हटले की घरचे उगाच काळजीत पडतात.

दाब कुठे जातो

चाप ओढल्यावर प्रायमर पेटतो, पावडर वायू होते, आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास सगळा खेळ संपतो. तेवढ्या वेळात पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या घराच्या, भिंतीला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, मग पितळाच्या लवचिकपणामुळे किंचित आक्रसते आणि सहज बाहेर येते. पुंगळीचे अंग चेंबरच्या पोलादाने वेढलेले असते. बूड मात्र बहुतेक बंदुकांत थोडे उघडे राहते, म्हणून ते जाड केलेले असते. दाब मर्यादेबाहेर गेला की पितळ पहिल्यांदा तिथे हार मानते.

मर्यादा काडतूसागणिक वेगळी. अमेरिकेत सामी ही उद्योगसंस्था १९२६ पासून हे मापदंड ठरवते. काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, सगळे पौंड प्रति चौरस इंचात: .३८ स्पेशलला १७,०००, .४५ एसीपीला २१,०००, ९ एमएम लुगर आणि .३५७ मॅग्नमला ३५,०००, .२२३ रेमिंग्टनला ५५,००० आणि .३०८ विंचेस्टरला ६२,०००. जुन्या छापील माहितीत 'सीयूपी' नावाचे वेगळे माप दिसते. तांब्याची छोटी नळकांडी किती दबली यावरून ते काढत. सीयूपीचा आकडा वरच्या एककात सूत्राने बदलता येत नाही, तेव्हा दोन्हींची तुलना करत बसू नका.

मर्यादा ओलांडली की काय होते ते बंदुकीच्या प्रकारावर ठरते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचे ज्या घरातून बार झाला ते आणि बहुधा त्याच्या शेजारची दोन घरे फाटतात, वरची पट्टी कमानीसारखी उचलली जाते किंवा तुटून उडते. पिस्तुलात पुंगळीचे बूड फुटले की तापलेला वायू मॅगझिनच्या वाटेने खाली येतो, मॅगझिन उडते, मुठीच्या पट्ट्या तडकतात, बोटे भाजतात. बोल्ट रायफल यापेक्षा दणकट असते, पण फुटलेल्या प्रायमरमधून वायू फायरिंग पिनच्या भोकातून मागे येतो, आणि मागे म्हणजे डोळ्याकडे. एआर जातीच्या अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्टचे दात मोडतात आणि रिसीव्हर, म्हणजे बोल्टभोवतीचा सांगाडा, फुगतो. म्हणून झेड-८७.१ या सुरक्षा-चष्म्यांच्या अमेरिकी मानकाचा शिक्का असलेला चष्मा भरतानाही घालायचा आणि झाडतानाही. नंबरचा साधा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही.

ग्रेन, ग्रॅम आणि तोळा

पावडर आणि बुलेट दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन, एका पौंडाचे ७,००० ग्रेन. आपल्याला हे माप वाटते तितके परके नाही. ब्रिटिश काळात ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. तेव्हा १८० ग्रेनची बुलेट म्हणजे एक तोळा, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. पिस्तुलाच्या हलक्या काडतुसात दोन-तीन गुंजांइतकीच पावडर असते. एवढ्याशा वस्तूत अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे किती, याचा अंदाज सोनाराच्या काट्याची सवय असलेल्याला लगेच येईल.

बुलेटचे वजन आणि पावडरचे वजन एकाच एककात लिहिल्याने एक हास्यास्पद वाटणारी, पण होणारी चूक संभवते: तक्त्यातला बुलेटचा रकाना आणि भरण्याचा रकाना यांची अदलाबदल. दुसरी चूक डिजिटल तराजूची. बटण दाबले जाऊन एकक ग्रेनवरून ग्रॅमवर गेलेले असते. आकड्याशेजारी 'जीएन' दिसतेय की 'जी', हे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पाहायचे.

पायरी पहिली: माहिती कुठून घ्यायची

पावडर बनवणाऱ्याची किंवा बुलेट बनवणाऱ्याची छापील पुस्तिका, नाहीतर त्यांच्याच संकेतस्थळावरचा तक्ता. हॉजडन, अलायंट, विहटावुओरी या पावडर कंपन्यांचे तक्ते फुकट मिळतात. दोन स्रोत ताडून पाहा. थोडा फरक असणारच, कारण चाचणीची नळी, पुंगळी, प्रायमर वेगळे असतात. फरक असेल तर नवशिक्याने कमी आकडा धरावा. व्हॉट्सॲपवर आलेला, मित्राने सांगितलेला, कुणाच्या वहीतला फोटो काढलेला भरणा वापरू नये. त्याची बंदूक त्याने सोसली म्हणून तुमची सोसेल असे नाही, आणि ५.४ चे ४.५ किंवा ४.५ चे ५.४ व्हायला एक घाईचे बोट पुरते.

एकाच काडतुसाला बंदुकीप्रमाणे वेगळ्या मर्यादा असू शकतात. .४५-७० चे उदाहरण घ्या. हे काडतूस १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी आले, आणि आजही त्याची सामी मर्यादा २८,००० आहे. पण आज तेच काडतूस मजबूत लिव्हर रायफलींत आणि त्याहून मजबूत एकबारी रायफलींत वापरतात, म्हणून पुस्तिकांत त्याचे तीन वेगळे तक्ते असतात. तिसऱ्या तक्त्यातला भरणा पहिल्या बंदुकीत घातला तर बंदूक उरणार नाही. .४५ कोल्टचेही तसेच. त्याची मर्यादा १४,००० आहे, आणि 'फक्त रुगरसाठी' असे शीर्षक असलेले तक्ते त्याच्या दुपटीच्या पुढे जातात. पानाचे शीर्षक वाचल्याशिवाय आकड्याकडे जाऊ नका.

पायरी दुसरी: टेबलावर एकच डबा

पावडर चुकीची असणे ही भरणा जास्त असण्यापेक्षाही वाईट गोष्ट. वजन अचूक, तराजू बिनचूक, आणि आत भलतीच वेगाने जळणारी पावडर. रायफलीच्या संथ पावडरीच्या वजनाइतकी पिस्तुलाची जलद पावडर रायफलीच्या पुंगळीत गेली तर कोणतीही बंदूक टिकत नाही.

नावेही फसवतात. आयएमआर ४८३१ आणि हॉजडनची एच ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आणि आयएमआरची जलद आहे. एचचा तक्ता पाहून आयएमआर भरली की दाब मर्यादेपलीकडे. ४३५० चेही तेच: आकडा तोच, आधीची अक्षरे वेगळी, पावडर वेगळी. 'क्लेज', 'इंटरनॅशनल' आणि 'युनिव्हर्सल' ही हॉजडनची तीन नावे एकाच कुळातली वाटतात, जळण्याचा वेग तिन्हींचा वेगळा. उलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर दोन नावांनी विकली जाते, तसेच एच-११० आणि विंचेस्टर २९६. हे ऐकून कुणी 'मग सगळ्याच सारख्या' असा निष्कर्ष काढला, तर अपघाताची तयारी झाली.

नियम सोपा आहे. टेबलावर एका वेळी एकच डबा. पावडर मोजून टाकणाऱ्या मापकाच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या टाकीत, जी पावडर आहे तिचाच डबा शेजारी उभा. काम संपले की हॉपर त्याच डब्यात रिकामा करायचा, रात्रभर तसाच ठेवायचा नाही. सकाळी 'ही कोणती होती बरे' असा प्रश्न पडला तर उत्तर एकच: फेकून द्या. रंगावरून, दाण्याच्या आकारावरून ओळखायला जाऊ नका. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत किंवा दुसऱ्या पावडरीच्या डब्यात पावडर ठेवण्याची बचतबुद्धी इथे वापरायची नाही.

जुनी पावडर उघडल्यावर आंबूस, नाकात झोंबणारा वास आला किंवा लालसर तपकिरी धूळ दिसली तर ती बिघडली आहे. तीही वापरायची नाही.

पायरी तिसरी: पुंगळी तपासा, लांबी मोजा

प्रत्येक वेळी झाडल्यावर आणि डायमधून, म्हणजे पुंगळीला मूळ मापावर आणणाऱ्या साच्यातून, काढल्यावर रायफलीची पुंगळी थोडी लांब होते. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापून आणायची लांबी २.००५ इंच. .२२३ ला हेच आकडे १.७६० आणि १.७५०. याहून लांब पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत अडकते आणि बुलेटला आवळून धरते. बुलेट सुटायला उशीर झाला की भरणा पुस्तकाप्रमाणे असूनही दाब चढतो. 'मी तर तक्त्यातलाच भरणा घातला होता' या तक्रारीमागे अनेकदा न कापलेली पुंगळी असते.

जाडीही पाहायची. लष्करी ७.६२ नाटो पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते, आतली जागा कमी. तोच भरणा कमी जागेत गेला की दाब जास्त. म्हणून पुंगळ्या बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या करा आणि रेंजवर गोळा केलेल्या सरमिसळ पुंगळ्यांवर कमाल भरण्याच्या जवळही जाऊ नका. प्रायमर बसवताना हाताला काहीच अडथळा जाणवला नाही, तो भोकात आपोआप घसरला, तर प्रायमरचे घर सैल झाले आहे. ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका. न चेपता टाकली तर पुन्हा ढिगात येते.

प्रायमर बदलला तरी दाब बदलतो. साध्याच्या जागी मॅग्नम प्रायमर म्हणजे जास्त ज्वाला. तक्त्यात जो प्रकार लिहिला आहे तोच घ्या.

पायरी चौथी: तराजू

काम सुरू करण्याआधी तराजू शून्यावर आणा आणि मग तपासणीच्या वजनाने पडताळा. पडताळणीचे वजन तुमच्या भरण्याच्या जवळपासचे हवे. ५ ग्रेन भरायचे असताना ५० ग्रॅमचे वजन ठेवून तराजू बरोबर आहे म्हणणे उपयोगाचे नाही. पंखा बंद, एसीची झुळूक टेबलावर येऊ देऊ नका, मोबाइल दूर. डिजिटल तराजू सुरू करून वीस मिनिटे तापू द्या. काही तराजू हळूहळू सरकतात, म्हणून दर दहा-पंधरा मापांनंतर शून्य पुन्हा पाहा.

दांडीच्या तराजूची चूक वेगळ्या जातीची. मोठे वजन खाचांवर सरकते आणि एक खाच म्हणजे तराजूप्रमाणे ५ किंवा १० ग्रेन. धक्का लागून ते शेजारच्या खाचेत गेले तर पुढची सगळी काडतुसे पाच किंवा दहा ग्रेनने चुकलेली. दांडी मात्र अगदी समतोल दिसत राहते. दर थोड्या वेळाने खाच मोठ्याने वाचायची सवय लावा. घरचे हसतील, हसू द्यात.

आकारमानावर चालणारे पावडर मापक लावताना आधी दहा मापे टाकून द्या, मग दहा मापे एकत्र तोला आणि दहाने भागा. नंतर दर दहाव्या पुंगळीतली पावडर तराजूवर. बारीक गोल दाण्याची पावडर मापकातून पाण्यासारखी वाहते, पण काड्यांच्या आकाराची रायफल पावडर नळीत आडवी अडकून पूल बांधते. तेव्हा एक पुंगळी अर्धी राहते आणि पूल कोसळला की पुढच्या पुंगळीत दीडपट पडते. एक कमी भरलेली पुंगळी सापडली तर तिच्या मागची-पुढचीही ओतून पुन्हा तोला.

पायरी पाचवी: दुहेरी भरणा

पिस्तुल आणि रिव्हॉल्व्हर फुटण्याच्या कारणांत आमच्या मते हे सर्वात घातक, म्हणून यावर थोडे थांबू. एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडते, आणि वरून बुलेट बसली की बाहेरून काहीही कळत नाही.

.३८ स्पेशल हे काडतूस मुळात काळ्या दारूच्या सवयीने आखलेले. पुंगळी मोठी, आणि आजच्या जलद पावडरींचा नेमबाजीचा हलका भरणा तिच्या तळाशी चिमूटभर दिसतो. १४८ ग्रेनच्या वॉडकटर (सपाट तोंडाच्या) बुलेटखाली बुल्सआय नावाची जलद पावडर २.७ ग्रेन हा जुना प्रसिद्ध भरणा घ्या. तो दुप्पट झाला तरी पुंगळी भरत नाही. तिप्पट झाला तरी उतू जात नाही. म्हणजे पुंगळीकडून सावधानतेची सूचना येण्याची सोयच नाही. नवशिक्याने म्हणूनच पसरट, जास्त जागा व्यापणारी पावडर निवडावी: एक भरणा पुंगळीच्या अर्ध्याहून वर जावा, म्हणजे दुसरा पडला की उतू जाऊन टेबलावर सांडेल. 'जलद पावडर कमी लागते, पौंडात जास्त काडतुसे निघतात' हा हिशेब पैशांचा खरा आहे. पण एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीत किती पौंड पावडर येते, तेही मांडून पाहा.

एकटप्पी प्रेसवर, म्हणजे एका ओढीत एकच काम करणाऱ्या यंत्रावर, पद्धत अशी ठेवा. पन्नास भोकांच्या ठोकळ्यात प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या उलट्या उभ्या करा, बूड वर. डाव्या हाताने एक उचला, सरळ करा, पावडर घाला, उजवीकडच्या दुसऱ्या ठोकळ्यात सरळ उभी करा. उलटी म्हणजे रिकामी, सरळ म्हणजे भरलेली, हे एकदा ठरले की फोन वाजून उठलात तरी परत आल्यावर गोंधळ होत नाही. पन्नास झाल्या की विजेरी हातात घेऊन वरून प्रत्येक पुंगळीत पाहा. पावडरची पातळी रांगेने सारखी दिसली पाहिजे. एखादी उंच किंवा खोल वाटली की ती ओतून तोला. ही पाहणी झाल्याशिवाय एकही बुलेट बसवायची नाही. पाहणी आणि बुलेट बसवणे यांच्यात चहाला उठायचे नाही. उठलात तर परत पाहणी.

प्रगामी प्रेसवर, म्हणजे एका ओढीत चार-पाच कामे करणाऱ्या यंत्रावर, धोका दांडा अर्धवट ओढण्यात आहे. काहीतरी अडले, दांडा मागे घेतला, पुन्हा ओढला, आणि ज्या यंत्राची थाळी हाताने फिरवावी लागते त्यात त्याच पुंगळीत दुसरा भरणा पडला. अडले की पावडरखालची पुंगळी बाहेर काढा, ओता, पुन्हा सुरुवात करा. पावडरची पातळी तपासणारा डाय एका जागी लावा. जास्त किंवा कमी भरणा दिसला की काही डाय शिट्टी देतात, काही यंत्रच अडवतात. तरीही नवशिक्याने पहिली हजारभर काडतुसे एकटप्पी प्रेसवरच भरावीत असे आमचे मत आहे. वेग पुढे आपोआप येतो.

काम करताना टीव्ही, क्रिकेट, गप्पा काही नको. दमला असाल तर उद्या.

पायरी सहावी: बुलेट किती खोल

ही पायरी नवशिके हलक्यात घेतात. बुलेट खोल गेली की आतली जागा आटते. रायफलीच्या लांब पुंगळीत तेवढ्याने फारसे बिघडत नाही, पण ९ एमएमच्या इवल्याशा पुंगळीत जागाच थोडी. स्पीअर कंपनीने छापलेल्या चाचणीत ९ एमएमचा २८,००० सीयूपी देणारा भरणा तसाच ठेवून बुलेट फक्त ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, खोल बसवली, तर दाब ६२,००० सीयूपीवर गेला. पावडरचा एक दाणा न वाढवता दुपटीहून जास्त.

म्हणून तक्त्यात दिलेली काडतुसाची एकूण लांबी डिजिटल कॅलिपरने मोजा. ९ एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच, .३०८ ची २.८१० इंच, पण प्रत्येक बुलेटची चाचणीची लांबी वेगळी असते आणि तीच पाळायची. बसलेली बुलेट मागे सरकू नये हेही महत्त्वाचे. तयार काडतूस टेबलाच्या कडेवर बुलेट टेकवून अंगठ्याने जोरात दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. कमी झाली असेल तर पुंगळीचे तोंड बुलेटला नीट धरत नाही. पिस्तुलात तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवले तरी बुलेट असेच मागे ढकलली जाते.

रायफलीत उलट टोकालाही अडचण आहे. बुलेट इतकी बाहेर ठेवली की ती नळीतल्या आट्यांना टेकते, तर तिला सुरुवातीची मोकळी धाव मिळत नाही आणि दाब चढतो. अचूकतेसाठी काही अनुभवी नेमबाज असे करतात, पण ते भरणा कमी करून.

पूर्ण तांब्याच्या बुलेट त्याच वजनाच्या शिसे भरलेल्या बुलेटपेक्षा लांब असतात, कारण तांबे शिशापेक्षा हलके. १५० ग्रेनची शिशाची आणि १५० ग्रेनची तांब्याची यांना एकच तक्ता चालत नाही. ज्या बुलेटचा तक्ता, त्याच बुलेटला.

पायरी सातवी: खालून वर

तक्त्यात सुरुवातीचा आणि कमाल असे दोन भरणे असतात. सुरुवातीच्या आकड्यापासूनच सुरुवात करायची. फक्त कमाल आकडा दिला असेल तर त्यातून दहा टक्के वजा करा. पिस्तुलात एक किंवा दोन दशांश ग्रेनने, .३०८ सारख्या रायफलीत फार तर अर्ध्या ग्रेनने चढा, प्रत्येक पायरीची तीन ते पाच काडतुसे भरा, वेगळ्या डबीत ठेवा आणि खालच्या भरण्यापासून झाडत वर जा. काही खटकले तर तिथेच थांबा. वरची काडतुसे घरी नेऊन उघडायची.

पुस्तकापेक्षाही खाली जाण्याचा 'सुरक्षित' विचार मनात येईल. तोही सोडा. एच-११० आणि २९६ बद्दल उत्पादक स्पष्ट सांगतो की दिलेल्या भरण्यातून तीन टक्क्यांपेक्षा जास्त कपात करू नका. त्याहून कमी भरली तर ही पावडर अर्धवट जळते आणि बुलेट नळीतच अडकू शकते. तिच्या मागे पुढचे काडतूस झाडले की नळीला फुगा येतो किंवा ती फुटते.

काही संथ रायफल पावडरींच्या तक्त्यात भरण्यापुढे 'सी' अक्षर असते. तिथे बुलेट बसताना पावडर दाबली जाते आणि ते उत्पादकाने तपासलेले असते. ठासून भरायची परवानगी एवढीच, आणि तीही छापलेली असेल तरच.

पावडरचा नवा लॉट, नवा प्रायमर, नवी पुंगळी, नवी बुलेट: यातले काहीही बदलले की पुन्हा खालून सुरुवात. आणि हिवाळ्यात मिनेसोटात बेतलेला कमाल भरणा जुलैत ॲरिझोनात नेऊ नका. तापलेली पावडर जास्त दाब देते, आणि उन्हात उभ्या गाडीतला डबा भट्टीसारखा तापतो.

खुणा, आणि त्यांच्यावर किती विसंबायचे

रायफलीत पाहायच्या खुणा अशा. बोल्ट उचलायला जड जाणे. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकाचा चकचकीत गोल ठसा. प्रायमरची गोलाई जाऊन तो कडेपर्यंत चपटा होणे, पिनच्या खळीभोवती कडा उठणे किंवा प्रायमरला भोक पडणे. यातली एकही दिसली तर त्या दिवसाचे काम संपले. चपटा प्रायमर एकटाच असेल तर तो दाबाचा पुरावा नसूही शकतो. चेंबर आणि पुंगळीत जास्त खेळ असेल, म्हणजे डायने पुंगळीचा खांदा फार मागे ढकलला असेल, तरी प्रायमर चपटा होतो. पण बोल्ट जड आणि बुडावर ठसा हे दोन्ही दिसले तर शंकेला जागा नाही.

क्रोनोग्राफ, म्हणजे बुलेटचा वेग मोजणारे यंत्र, या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक. पुस्तकातल्या नळीइतकीच लांब नळी असताना पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेग मिळाला, तर तो फुकटात मिळालेला नाही. दाब पुस्तकापेक्षा जास्त आहे, मग भरणा कागदावर कितीही कमी दिसो.

पण या खुणांवर विसंबून वर चढत जाण्यात एक मोठी खोट आहे. पितळ आणि प्रायमर खुणा दाखवू लागतात तोवर दाब साधारण ६५-७० हजारांच्या घरात गेलेला असतो. .३०८ मध्ये याचा अर्थ मर्यादा ओलांडल्यावर खूण दिसते. .३८ स्पेशलमध्ये ती दिसण्याआधी तुम्ही १७,००० च्या चौपटीजवळ असता, आणि रिव्हॉल्व्हर त्याआधीच गेलेले असते. .४५ एसीपीचेही तसेच. 'प्रायमर छान गोल आहेत, अजून जागा आहे' हे वाक्य पिस्तुलाच्या बाबतीत निरर्थक आहे. तिथे फक्त तक्ता आणि तराजू.

रेंजवर काही वेगळे झाले तर

आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढचा चाप ओढू नका. नळी सुरक्षित दिशेला धरा, तीस सेकंद थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीत आरपार प्रकाश दिसतो का ते चेंबरच्या बाजूने पाहा. बुलेट अडकली असेल तर ती रेंजवर ठोकत बसू नका, बंदूक कारागिराकडे न्या.

आवाज नेहमीपेक्षा मोठा, धक्का जड, पुंगळी अडकली किंवा प्रायमर गळून पडला: त्या घाण्यातली बाकी सगळी काडतुसे संशयित. यासाठीच प्रत्येक डबीवर चिठ्ठी हवी: तारीख, पुंगळीचा शिक्का आणि कितव्यांदा भरली, प्रायमर, पावडरचे नाव आणि लॉट क्रमांक, भरणा, बुलेट, एकूण लांबी. चिठ्ठी नसलेली डबी म्हणजे दुसऱ्या कुणाची काडतुसे समजा, आणि दुसऱ्याची हँडलोड काडतुसे आपल्या बंदुकीत घालायची नसतात, कितीही जिवलग मित्राची असोत. आपलीही कुणाला द्यायची नाहीत. बंदुकांच्या बहुतेक उत्पादकांची हमी हँडलोड वापरल्यावर संपते, हेही माहीत असू द्या.

संशयित काडतुसे उघडायला हातोडीच्या आकाराचा प्लास्टिकचा पुलर मिळतो. काडतूस आत बसवून हातोडी लाकडाच्या आडव्या कापावर आपटली की दोन-चार ठोक्यांत बुलेट सुटते आणि पावडर पोकळीत जमा होते. काँक्रीटवर आपटू नका, पुलर फुटतो. रिमफायर काडतुसावर हे साधन कधीही वापरू नका, त्याचा स्फोटक कडेतच असतो. एकेक काडतूस उघडून त्यातली पावडर तोला आणि आकडा लिहा: चूक एकाच काडतुसात होती की सगळ्या घाण्यात, ते तिथे कळते. सगळी जास्त भरली असतील तर तराजू किंवा खाच, एखादेच असेल तर मापक किंवा हात.

काढलेली पावडर डब्यात परत टाकायची नाही. ती नायट्रोसेल्युलोजची असते, नायट्रोजन भरपूर. परसातल्या हिरवळीवर चिमटीने पातळ पसरा, एका जागी ढीग होऊ देऊ नका, आणि त्यावर पाणी मारा.